उंबऱ्याबाहेरची बटाट्याची गोणी: कोपरखैरण्याच्या एका बालवाडीतलं प्रकरण

बालवाडीत ‘आपले मदतनीस’ हा विषय निघाला की भिंतीवर तक्ता लागतो. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, शेतकरी. मुलं एकेका चित्रावर बोट ठेवून नावं म्हणतात, स्नेहसंमेलनात कुणाच्या तरी गळ्यात स्टेथोस्कोप येतो आणि विषय संपतो. मुलांना चार नवे शब्द मिळतात, हे खरं. पण डोकं खाजवावं लागेल अशी एकही अडचण त्यांच्यापुढे येत नाही. पोस्टमन पत्रं वाटतो, इथवर तक्ता सांगतो. पत्त्यावरचं घर सापडलंच नाही तर तो काय करतो? हा प्रश्न विचारला की पाच वर्षांचं मूल सरसावून बसतं, आणि तोच आपण विचारत नाही.

मी बालवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. नवी मुंबईच्या कोपरखैरण्यातल्या एका बालवाडीत मागच्या हिवाळ्यात जे घडलं ते इथे सविस्तर मांडते आहे. मुलांची, पालकांची, ताईंची आणि संस्थेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी वस्तीबद्दल थोडं. कोपरखैरणे आणि घणसोली या भागात सिडकोने माथाडी कामगारांसाठी घरं बांधली. तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत. तिथे ट्रकमधून माल उतरवणं, वाहणं, थप्पी लावणं ही कामं या घरांतली माणसं करत आली. बरीचशी कुटुंबं मूळची सातारा-सांगलीकडची. आता सगळेच माथाडी नाहीत. कुणी रिक्षा चालवतं, कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षक आहे. तरी पहाटे उठून ‘मार्केटला’ जाणारं एक तरी माणूस बहुतेक घरांत सापडतंच. बालवाडी म्हणजे एक लांबट खोली, पुढे पडवी, पडवीला दोन पायऱ्या आणि फाटकापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवलेलं छोटं अंगण. चार ते सहा वर्षांची वीस-बावीस मुलं, एक ताई आणि एक मदतनीस मावशी.

पालकसभेत ताईंनी साधा प्रश्न विचारला होता: घरचं माणूस मार्केटमध्ये नेमकं काय करतं, हे तुमच्या मुलाला माहीत आहे का? बहुतेक आया म्हणाल्या, “मार्केटला जातात एवढंच ठाऊक. मूल उठायच्या आत गेलेले असतात.” त्यावरून पुढच्या तीन आठवड्यांचा विषय ठरला, मार्केट. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा माथाडी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी अर्धी गोणी बटाटे द्यायचं कबूल केलं. बटाटे निवडायचे, तोलायचे, मांडायचे आणि शेवटी उकडून खायचे, असा बेत होता.

गोणी आली तेव्हा

आजोबांनी स्कूटरच्या फूटबोर्डवरून गोणी आणली, फाटकाच्या आत टेकवली आणि ते निघून गेले. असेल वीसेक किलोची. मावशी पदर खोचून उचलायला निघाली, तेवढ्यात ताईंनी तिला हातानेच थांबवलं आणि मुलांना विचारलं, “ही आत न्यायची आहे. कशी नेऊ या?”

पुढचं सगळं या एका क्षणावर उभं आहे, असं मी मानते. ताईंच्या आराखड्यात हा प्रश्न नव्हता. मावशीने गोणी उचलली असती तर ती मिनिटाभरात आत गेली असती आणि ठरल्या वेळेला निवडणं सुरू झालं असतं.

मुलं आधी तुटून पडली. ज्याच्या हाताला जो भाग लागला तो त्याने धरला आणि जोर लावला. गोणी जागची हलेना, कारण निम्मी मुलं फाटकाकडे ओढत होती आणि निम्मी पडवीकडे. हे बराच वेळ चाललं. हाशहुश, “तू सोड”, “तू ढकलतोयस”, एकदा रडारडही. ताई मध्ये पडल्या नाहीत. रडणारीला जवळ घेऊन त्यांनी सगळ्यांना विचारलं, “गोणी कुठे जायला हवी?” सगळे हात खोलीकडे. “आणि तुम्ही कुठे ओढताय?” जरा शांतता. मग एक चष्मेवाला ओरडला, “सगळे इकडे या रे!” सगळी एका बाजूला आली, दोघांनी गोणीचे कान धरले आणि गोणी सरकली.

ब्लॉकवरून ओढताना तागाला खरचटून खालच्या बाजूला भोक पडलं. एक बटाटा टुणकन बाहेर आला. “फाटेल!” आजोबांचा नातू म्हणाला, आणि ओढणं थांबलं. फाटू नये म्हणून काय करता येईल, या ताईंच्या प्रश्नावर एक मुलगी धावत जाऊन आतली सतरंजी घेऊन आली. पण गोणी सतरंजीवर चढवायची कशी? उचलून बघितलं, जमेना. सतरंजी खाली सारून बघितली, तिचा गोळा झाला. शेवटी एकाने गोणीला धक्का दिला आणि ती कुशीवर लोळली. “लोळव, लोळव!” गोणी लोळत सतरंजीवर आली. सतरंजीचे दोन कोपरे धरून ती पायऱ्यांपर्यंत इतकी सहज गेली की मुलं खिदळायला लागली.

आणि पायऱ्यांशी सगळं अडलं.

ढकलून झालं, ओढून झालं. तिघं कंटाळून वाळूत खेळायला गेली. त्यांना कुणी परत बोलावलं नाही. एक म्हणाला, “माझ्या पप्पांना बोलवू, ते एकटे उचलतात.” नातवाने लगेच दुरुस्ती केली, “एकटे नाय. दोघं उचलून पाठीवर देतात, मग नेतात.” पाच वर्षांच्या मुलाला कामातलं हे इतकं बारीक ठाऊक होतं, आणि आजवर वर्गात त्याला ते सांगायची वेळच आली नव्हती. ताई म्हणाल्या, “मोठं माणूस बोलावता येईल. त्याआधी आणखी काही सुचतंय का, बघू.”

दोन वेण्यांची एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, एव्हाना आपलं काम करत होती. भोकातून निसटलेला बटाटा तिने आत नेऊन टोपलीत टाकला होता. परत येऊन भोकात बोट घालून दुसरा काढला होता. तिसरा तिच्या हातात होता. ताईंनी फक्त एवढंच म्हटलं, “ती काय करतेय, बघा बरं.”

मुलांनी बघितलं आणि एकच गलका झाला. सुतळीची गाठ सोडायला वेळ लागला, पण सुटली. मग वाट्या, डब्यांची झाकणं, फ्रॉकचे ओचे, टोप्या, मिळेल त्यात बटाटे भरून आत जायला लागले. गोणी निम्मी झाल्यावर चष्मेवाल्याने ती हलवून बघितली, “आता हलकी झाली!” चौघांनी चार कोपरे धरले आणि निम्मी गोणी दोन पायऱ्या चढून आत आली. सगळी मुलं टाळ्या वाजवत होती. एकटा नातू मात्र नाराज होता. त्याचं म्हणणं, “असं नसतं. मार्केटात गोणी सोडत नाहीत.”

त्या दिवशी निवडणं-तोलणं झालंच नाही. खाऊची वेळ झाली होती.

ताईंनी काय केलं, काय टाळलं

शिकलं कोण, तर मुलं. पण ते घडण्याजोगी जागा ताईंनी धरून ठेवली, म्हणून त्यांचे शब्द मी वहीत उतरवून घेतले. उत्तर त्यांनी एकदाही दिलं नाही. मुलांना नुसतं वाऱ्यावरही सोडलं नाही. ‘आत कशी न्यायची’ हा मोठा प्रश्न दर टप्प्यावर त्यांनी लहान करून दिला: कुठे जायला हवी, फाटू नये म्हणून काय, आणखी काही सुचतंय का. आणि उत्तर समोर घडत असताना त्याकडे फक्त लक्ष वेधलं.

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला देऊन, शिकवणारं माणूस नेमकी कोणती मदत करतं हे तपासलं होतं. कामात गोडी लावणं, एका वेळी पुढ्यात असलेले पर्याय कमी करणं, मूळ हेतूवरून लक्ष ढळू न देणं, महत्त्वाची खूण दाखवणं, चिडचिड आटोक्यात ठेवणं, आणि गरज पडली तरच करून दाखवणं. ताईंनी तो अभ्यास वाचलेला नाही. तरी यातल्या शेवटच्या सोडून सगळ्या गोष्टी त्या सकाळी अंगणात दिसल्या.

मुलं इतका वेळ विरुद्ध दिशांना ओढत राहिली, यावर भेटीला आलेल्या एका शिक्षिकेने नापसंती दाखवली. वेळ वाया गेला म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला पत्ते रंगाप्रमाणे लावायला सांगितले आणि मग ‘आता आकाराप्रमाणे लाव’ म्हटलं, तर नवा नियम तोंडाने सांगता येत असूनही ते रंगाप्रमाणेच लावत राहतं. पाचच्या आसपास बहुतेक मुलांना नियम बदलून वागता येतं. एकदा धरलेली रीत सोडणं ही या वयातली खरी मेहनत आहे. ती सोडायची वेळ मुलावर यावी लागते, आणि आपल्या रीतीने काम होत नाही हे त्याला स्वतःच्या हातांना कळावं लागतं. ‘असं नको, तसं ओढा’ हे मोठ्या माणसाने सांगितलं की गोणी हलते, पण रीत सोडण्याचा सराव होत नाही.

आजोबांची बैठक आणि थप्पी

दोन दिवसांनी आजोबा वर्गात येऊन बसले. नातवाने तक्रार मांडली, “आजोबा, यांनी गोणी सोडली.” आजोबा म्हणाले, “बरोबर केलं की. आमच्या टायमाला शंभर किलोची गोणी पाठीवर यायची. पाठी गेल्या माणसांच्या. मग आम्ही म्हणालो, एवढी भरू नका, पन्नासच भरा. लई भांडावं लागलं त्याच्यासाठी.” मुलांना शंभर आणि पन्नास कळत नाहीत. पण चष्मेवाल्याने विचारलं, “म्हणजे अर्धी केली?” आजोबा म्हणाले, “अर्धी केली.” नातवाचा चेहरा उजळला.

माथाडींचं काम गोणी उचलण्यावर संपत नाही. टोळी असते, मुकादम असतो, किती नग उतरले याची नोंद असते, हमाली, तोलाई, वाराई अशा वेगवेगळ्या मजुऱ्यांचा हिशोब असतो. महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कायदा आला तो याच माणसांनी एकत्र येऊन झगडा केल्यावर. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचं नाव या घरांत आजही देवाच्या जोडीने घेतलं जातं. हे मुलांना सांगायचं नव्हतंच. पण त्यातली ‘मिळून काम कसं वाटून घ्यायचं’ ही गोष्ट त्यांच्या आवाक्यातली होती, आणि ताईंनी तीच उचलली.

पुढचा आठवडा थप्पीचा. मावशीने जुन्या चादरीच्या हातभर लांबीच्या पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली. खेळ एवढाच: आपल्या कमरेएवढी थप्पी लावायची. मुलं शेजारी-शेजारी राशी करत पिशवीवर पिशवी ठेवत जात, चौथी-पाचवी पिशवी चढली की रास कलायची आणि कोसळायची. एका गटाने दोष वाळूला दिला, एकाने मित्राला. ताई विचारायच्या, “पडताना कुठून पडली?” या प्रश्नामुळे मुलं पडण्याकडे बघायला लागली. आधी ती पडल्यावर नुसती ओरडायची. आता खाली बसून, मान वाकडी करून बघायची. पडते ती नेहमी दोन राशींच्या मधल्या फटीतून, हे प्रथम एका चार वर्षांच्या मुलाच्या ध्यानात आलं. त्याने फटीवर एक पिशवी आडवी ठेवली. आडवी का, हे त्याला सांगता आलं नाही. “भोक बुजवलं,” एवढंच म्हणाला. पण त्यानंतर त्या गटाची थप्पी कमरेच्या वर गेली, आणि दुसऱ्या गटांनी येऊन ती नीट न्याहाळली. मार्केटातली थप्पी अशीच एक थर उभा, एक थर आडवा लावतात, हे आजोबांनी नंतर सांगितलं. आधी नाही. हा क्रम ताईंनी मुद्दाम पाळला होता.

एका आईचा राग

याच सुमारास एक आई सकाळी फाटकाशीच ताईंवर भडकली. “आमच्या माणसाची कंबर गेली ओझी वाहून. पोरानं वाहू नये म्हणून शाळेत घातला, आणि तुम्ही त्याला हमाली शिकवताय? त्या इंग्लिश मिडियमवाल्यांच्या पोरांना शिकवाल का हे?”

हा प्रश्न पुसून टाकण्यासारखा नाही. वस्तीचं काम वर्गात आणा, असं आम्ही प्रशिक्षक मंडळी सहज सांगतो. ज्या घराने ते काम नाइलाजाने केलं, त्या घराला त्यात काय दिसतं हे विचारत नाही. ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्या आईला आत बोलावलं आणि अर्धा तास बसून बघायला सांगितलं. तिचा मुलगा तेव्हा थप्पी पडण्याचं कारण शोधत जमिनीवर पालथा झोपला होता. ती बघत राहिली, पण तिचं मत काही पूर्ण बदललं नाही. जाताना म्हणाली, “डोकं चालवतोय ते दिसलं. पण हिशोब पण शिकवा. आमच्या ह्यांना मुकादमाच्या वहीतलं कधी कळलं नाही.”

ताईंनी ते मनावर घेतलं. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक गटात एक जण नोंद ठेवणारा झाला. किती पिशव्या आल्या तेवढ्या रेघा, पाच झाल्या की आडवी रेघ. तराजूत एका पारड्यात दगड आणि दुसऱ्यात बटाटे घालून ‘एका दगडाला किती’ तेही लिहिलं जाऊ लागलं. इथे खरे वाद झाले, कारण मोठे बटाटे घेतले की तीन भरायचे आणि लहान घेतले की सात. मग बरोबर कुणाचं? दोन दिवस हा वाद मिटला नाही. शेवटी मुलांनी आधी बटाटे आकाराने वेगळे केले आणि मगच तोलले. निवडणं हे ताईंच्या मूळ बेतात पहिल्या दिवशी होतं. ते आता आलं, आणि कशासाठी निवडायचं हे मुलांना माहीत होतं.

त्या आईची सूचना आली नसती तर हा विषय अर्धाच राहिला असता, असं मला वाटतं. तिचा आक्षेपही मला मान्य आहे. कष्टाचं काम वर्गात आणायचं तर त्यातली अक्कल, हिशोब आणि हक्क यांच्यासकट आणावं. नुसतं ओझं आणू नये.

काय बदललं, काय नाही

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर वेगळा धरला आणि २०२२ मध्ये त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा आला. खेळ आणि मुलाचा परिसर यांवर त्याचा भर आहे. तेव्हा ‘हे अभ्यासक्रमात बसतं का’ ही चिंता ताईंनी सोडायला हरकत नाही. आपल्याकडे तर हे त्याच्याही फार आधीचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन मुलांना शिकवलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली.

मुलांमध्ये दिसलेला बदल मोठा नाही, पण ठळक आहे. काही बिघडलं की आधी ‘ताऽऽई’ अशी हाक यायची. आता काही मुलं अडलेल्या वस्तूभोवती फिरून बघतात. चपलांची फळी दारात आडवी यायची, तेव्हा दोघांनी ती स्वतःहून उभी करून बघितली, पडली, मग भिंतीला टेकवली. दोन वेण्यांची मुलगी अजूनही कमीच बोलते, पण काही अडलं की मुलं आता तिच्याकडे बघतात.

वाळूत गेलेली ती तिघं पुढच्या तिन्ही आठवड्यांत कडेकडेलाच राहिली. ती वर्गातली सगळ्यात लहान, नुकती चार पूर्ण झालेली. वीस मुलांच्या गलक्यात त्यांची पाळी येतच नाही. आता ताई त्यांना सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात वेगळं, त्यांना झेपेल असं काम देतात: दोन बटाटे एका हाताने कसे न्यायचे, वाटी न सांडता पाणी कुंडीपर्यंत कसं पोचवायचं. एका ताईला वीस मुलं, हे गणित मात्र ताईंच्या हातात नाही. ते संस्थेने आणि सरकारने सोडवायचं आहे.

हे वाचून कुणी ताई आपल्या बालवाडीत बटाट्याची गोणी मागवणार असेल, तर थोडं थांबा. प्रत्येक वस्तीची आपली अडचण असते: ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात गुंतलेलं जाळं आहे, जांभळी नाक्याला फुलांच्या माळा आणि पुड्या बांधणं आहे, विटाव्याला नळाची वेळ आणि पिंपांची रांग आहे. आधी पालकांना विचारा, घरात कोण काय काम करतं आणि त्यात रोज कुठे अडतं. त्यातली मुलांच्या हाताला झेपेल, धोका नसेल आणि करून बघता येईल अशी एक अडचण निवडा. धार, आग, खोल पाणी आणि रहदारी बाजूला ठेवा. वजनही मुलांच्या अंगावर पडणार नाही एवढंच. आणि अडचण दारात आली की मावशीला आधीच सांगून ठेवा, पदर खोचायची घाई करू नकोस.